मामाचं गाव मुलुंड

मे महिन्याची सुट्टी लागली की गावातली पोरे मामाच्या गावाला जात. आमचे मात्र उलटे होते. आमचे मामा मुंबईला, मुलुंडला, आणि आम्ही माण तालुक्याच्या खडकाळ रानात. त्यामुळे मामाच आमच्याकडे येत, तेही यात्रेपुरते दोन दिवस. येताना खारी बिस्किटांचा पुडा आणि एक नवा चेंडू आणीत. मुलुंड म्हणजे खारी बिस्किटे, अशी माझी लहानपणची समजूत होती.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईला जाणे झाले, मुलुंडला रात्रीचा मुक्कामही झाला. पण गाव असे पाहिले नाही. ते पाहण्याचा योग मागच्या दिवाळीनंतर आला, आणि त्याला कारण चांगले नव्हते.

मामेभावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, आबांचं काही खरं नाही. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आई गेल्यापासून हेच चाललंय. तुम्ही या आणि त्यांना गावी घेऊन जा. गावच्या हवेत, भजनात जीव रमेल त्यांचा."

मामांचे वय ब्याऐंशी. मामी जाऊन दोन वर्षे झालेली. गावात मामांचा वाटणीचा दोन खणांचा सोपा आहे. माझी आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, शहाऐंशीची, आमच्याजवळ असते. बहीणभाऊ एकत्र राहतील, असा विचार मीही केला. रब्बीच्या पेरण्या आटोपल्या होत्या. पाच दिवसांची रजा टाकली. आमच्या भजनी मंडळाचा हरिपाठ एका पेनड्राइव्हमध्ये भरून घेतला, चुलीवर भाजलेल्या शेंगा बांधून घेतल्या आणि साताऱ्याहून ठाण्याची एस.टी. धरली.

नाक्यापलीकडची मुंबई

ठाण्याहून मुंबईकडे निघालेल्या धीम्या लोकलमध्ये बसले की पहिलेच स्टेशन मुलुंड. बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती इथूनच गेली. तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरे, झाडी आणि खाडीकडे मिठागरे होती.

मुंबई महानगरपालिकेची हद्द इथे संपते आणि ठाणे सुरू होते. म्हणून आग्रा रोडवर जकातीचा नाका होता. आमच्याकडचा माल घेऊन येणारे ट्रक तिथे रांगेत उभे राहत. जकात २०१७ च्या जुलैत बंद झाली, नाव मात्र अजून 'चेकनाका'च आहे. गावाकडे ओढ्यावरचा आंबा पडून वीस वर्षे झाली तरी आपण 'आंब्याच्या वळणावर' म्हणतोच की!

रेल्वेमुळे गावाचे दोन भाग झालेले आहेत. पश्चिमेला आखीव रस्ते आहेत. १९२० च्या दशकात आराखडा काढून ही वसाहत बसवली. पाच रस्ता नावाचा चौक त्या आखणीची खूण आहे. त्या बाजूला गुजराती आणि कच्छी मंडळी पुष्कळ. पलीकडे डोंगराच्या अंगाला, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची मुलुंड कॉलनी. त्याच्याही मागे राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा डोंगर. पूर्वेला मराठी वस्ती अधिक. नाणेपाडा, गव्हाणपाडा ही नावेच सांगतात की इथे मुळात पाडे होते. त्यापलीकडे द्रुतगती महामार्ग आणि खाडीकडची मिठागरे.

मामा पूर्वेला राहतात. मी लहानपणी ऐकलेली चाळ आता नाही. ती पाडून तिथे उंच इमारत झाली आहे, आणि मामा चौदाव्या मजल्यावर आहेत. मामेभावाचे घर नेटके. खिडकीतून खाडीची चकाकी दिसते. पण दार बंद केले की शेजारी कोण, कळत नाही.

मी मामांच्या खोलीत गेलो. उशाशी एक छोटी पेटी भजने गात होती. टाळ-चिपळ्यांचा खणखणाट चालू होता. मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले. पाया पडलो, तेव्हा वळले, हसले, आणि पुन्हा वळले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी सहाला भजनं लावते ती रात्री नऊलाच बंद करते. सूनबाईनं कसूर केली असं कुणी म्हणायला नको."

वहिनींची कळकळ खरी होती. मी खिशातला पेनड्राइव्ह काढून दिला. म्हणालो, "हा आपल्या गावचा हरिपाठ. हा लावा, ऐकतील." वहिनींनी लगेच लावला. मामांनी पांघरूण डोक्यावरून घेतले.

तेजाबची कॅसेट

संध्याकाळी नातू कॉलेजातून आला. सतरा वर्षांचा, अंगाने सडसडीत. बाहेरच्या खोलीत त्याने मोबाइलवर गाणे लावले. गाणे कसले, नुसते भराभर बोलणे. मागे ढबढब ठेका. मी म्हणालो, "अरे, यात सूर कुठं आहे? ही काय गाणी झाली?"

तो काही बोलला नाही. कानात बोंडे घालून बसला. आतून मात्र मामांचा आवाज आला. त्या दिवसातला पहिलाच.

"तुझी कॅसेट तुझ्या बापानं कुठं टाकलीती रं?"

मी ओशाळलो. गोष्ट १९८९ ची. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात जाण्याच्या खटपटीत होतो. 'तेजाब' आदल्या वर्षी आलेला. त्याची कॅसेट मी पैसे साठवून घेतली होती आणि मित्राच्या टेपवर दिवसरात्र वाजवीत होतो. वडील म्हणाले, ही काय गाणी झाली? आणि कॅसेट उकिरड्यात टाकली. मामा तेव्हा यात्रेला आले होते. त्यांनी ती उकरून काढली, फडक्याने पुसली आणि गुपचूप माझ्या पिशवीत ठेवली.

वडिलांचे नेमके तेच शब्द मी छत्तीस वर्षांनी त्यांच्या नातवाच्या वयाच्या पोराला ऐकवले होते.

मामा पुढे म्हणाले, "ह्यो पोरगा लावतो ते मला समजत न्हाई. पर आमच्या वक्ताला शाहीर बी असंच दणादण म्हनायचे. दम लागंस्तोवर." मामा मुंबईत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्र होऊन दोनच वर्षे झाली होती. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, शाहीर साबळे यांचे आवाज मुंबईच्या कामगारांच्या कानात ताजे होते. भराभर शब्द, ठेक्याला बांधलेली चीड, गल्लीतल्या माणसाचे गाऱ्हाणे. नातू मोबाइलवर ऐकत होता त्यात याहून वेगळे काय होते? भाषा वेगळी, कपडे वेगळे, एवढेच.

पिवळे पान आणि युरिया

दुसऱ्या दिवशी मी मामेभावाला म्हटले, "आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवू." मामांना मोठ्याने बोललेले ऐकू येते आणि हळू बोललेले येत नाही, हे मी पाहिले होते. ते सगळे वयाच्या खाती टाकून घरची मंडळी मोकळी झाली होती.

डॉक्टरांनी मशीनवर कान तपासले. मग विचारले, "आजोबा, काम काय करत होता?" मामा म्हणाले, "घणाखाली." मामा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात लोखंड ठोकण्याच्या खात्यात अडतीस वर्षे होते. तापलेला तुकडा चिमट्यात धरायचा आणि वरून यांत्रिक घण पडायचा. कानात घालायला त्या काळी कापसाचा बोळा, तोही ज्याचा त्याने आणायचा.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वय झाले की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. सतत गोंगाटात काम केलेल्याचे कान त्याच बाजूने आणखी लवकर जातात. बोलण्यातली 'स', 'श', 'फ' अशी अक्षरे उंच पट्टीची, म्हणून ती गळतात. बोलतात हे कळते, काय बोलतात हे कळत नाही. मग माणूस दहादा विचारायला लाजतो आणि गप्प बसतो. दुसरी गोष्ट अशी, की अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. मधली पायरीच नाहीशी झालेली असते. आपल्याकडे ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी यांच्यावर वर्षानुवर्षे उघड्या कानांनी काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

परत येताना रिक्षात मामा म्हणाले, "आरं, देवाचं नाव घ्यायला मला कंटाळा न्हाई. पर त्या पेटीतलं टाळ डोस्क्यात घण घातल्यागत वाजत्यात. सूनबाई मायेनं लावती. तिला कसं सांगू?"

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या भागातली एक नेहमीची गोष्ट आली. चुनखडीच्या रानात पीक पिवळे पडते. शेतकरी म्हणतो, पिवळे पडले म्हणजे नत्र कमी, आणि युरिया ओततो. पीक सुधारत नाही. वाकून पाहिले तर काय दिसते? जुनी पाने हिरवी, कोवळी पिवळी, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. ती लोहाची कमतरता. नत्र कमी असते तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडली असती. मी तीस वर्षे बांधावर उभा राहून सांगत आलो, की माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका. आणि मामांच्या उशाशी मात्र मीच न तपासता हरिपाठाचे पोते रिकामे केले होते.

म्हातारे झाले की भजन आवडते, हे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मामांना काय आवडते, हे एकानेही विचारले नव्हते.

कोवळ्या वयाची पेरणी

त्या रात्री मी विचारले, "मामा, तुम्ही मुंबईत आलात तेव्हा काय ऐकत होता?"

मामा उठून बसले. १९६२ साली एकोणीस वर्षांचे मामा चुलत्याच्या खोलीवर आले. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा जण. पाळी संपवून यायचे आणि चाळीच्या गॅलरीत बसायचे. चाळीत एकाच घरी रेडिओ. त्यावर संध्याकाळी मुंबई केंद्राची कामगारसभा आणि बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला. त्या दिवशी गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे. पोरे पैज लावीत, आज पहिल्या पायरीवर कोणते गाणे? अमीन सयानींचा आवाज मामांनी हुबेहूब काढून दाखवला. सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, हे मामांना कुणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले, तर मामा थोडा वेळ गप्प झाले.

या गीतमालेची जन्मकथा मजेची आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार माणूस. लोकांची आवड सुधारावी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे गीतमाला सुरू झाली आणि घरोघर पोचली. शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. हेतू चांगला होता, पण हुकमाने आवड बदलत नाही.

आमच्या खात्यालाही हा धडा मिळालेला आहे. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. उतारा दांडगा. पण भाकरी खाऊन म्हातारी माणसे म्हणत, "पोट भरतं, मन भरत न्हाई." आजही आमच्याकडे घरच्या खाण्याला मालदांडीच पेरतात. ज्या तोंडाने लहानपणी मालदांडीची भाकरी खाल्ली, त्या तोंडाला चव म्हणजे तीच. संकरितवर वाढलेली पिढी तेवढी तक्रार करीत नाही.

गाण्याचेही तसेच असावे. अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९८९ साली वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या सालची गाणी ऐकवून पाहिली. आपण साधारण चोविशीत असताना जी गाणी गाजत होती ती माणसाला सर्वांत जास्त आवडतात, असे त्यांना दिसले. त्या वयात पहिली कमाई असते, पहिली मैत्री असते, लग्न असते. वापशावर पेरलेले बी जसे भराभर उगवते तसे त्या दिवसांतले गाणे मनात रुजते. आपण आवडीला वयाची म्हणतो. पण माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची आवड म्हातारी होत नाही. ती त्याच्या तरुणपणाच्या सालातच उभी असते.

मामा चोवीस वर्षांचे होते तेव्हा १९६७ साल. त्यांचे लग्न त्याआधी वर्षभर झालेले. मी विचारले, "मामीला घेऊन कोणता सिनेमा पाहिला पहिला?"

"साधी माणसं," मामा म्हणाले.

भालजी पेंढारकरांचा १९६५ चा चित्रपट. लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलेला. नायक लोहार. मामा घणाखाली काम करणारे. नवी नवरी मामी थिएटरात त्यांच्या कानाशी म्हणाली होती, "तुमच्यावरच काढलाय जनू!"

मी नातवाला हाक मारली. त्याने मोबाइलवर शोधून भात्याचे ते गाणे लावले आणि स्वतःच्या कानातली बोंडे काढून मोठा गोल हेडफोन आजोबांच्या कानांवर बसवला. आवाज हळूहळू वाढवत विचारत राहिला, "एवढा? आणखी?" एका ठिकाणी मामांनी हात वर केला. शब्द त्यांना किती ऐकू येत होते कुणास ठाऊक. गळलेली अक्षरे मनच भरून काढीत असेल. साठ वर्षांचे पाठ होते. मामांची उजवी मूठ मांडीवर पडत होती, घणाच्या ठेक्यात. डोळ्यांतून पाणी चालले होते. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

गाणे संपल्यावर मामा म्हणाले, "तिच्यामागं दोन वर्षं कुणी तिचं नावच काढलं न्हाई. मला वाईट वाटंल म्हून."

आता आम्ही नाव काढले होते, वाईटही वाटले होते, आणि त्या रात्री मामा भाकरी कुस्करून दुधाशी जेवले.

मामांबरोबर मुलुंड

तिसऱ्या दिवशी मामाच म्हणाले, "चल, तुला मुलुंड दाखवतो." काठी घेऊन निघाले. मी दोन दिवस जे मुलुंड पाहिले होते त्यात इमारती होत्या. मामांच्या मुलुंडात माणसे होती. पुलावर चढताना म्हणाले, इथे संपाच्या दिवसांत आम्ही वडे खाऊन दिवस काढले. पाच रस्त्याला थांबून म्हणाले, इथे मामीला पहिली साडी घेतली, ठेचकाळत मराठी बोलणाऱ्या कच्छी दुकानदाराने उधारीवर दिली. आग्रा रोडला आता लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. कारखान्याच्या जागी उंच मनोरे उभे आहेत. मामांनी फाटकाची जागा काठीने दाखवली. राग नव्हता, हळहळही फार नव्हती. आपल्या विकलेल्या रानाजवळून जाताना माणूस जसा पावले मोजतो तसे त्यांनी चाळीस पावले मोजली आणि म्हणाले, "हितं माझा घण हुता."

पुढे महाकवी कालिदास नाट्यमंदिर आणि त्याला लागून क्रीडा संकुल. २०१८ च्या जूनमध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन इथेच भरले होते. सलग साठ तास कार्यक्रम, रात्रीचे देखील. अध्यक्ष होत्या संगीत नाटकातल्या गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदार. जयराम आणि जयमाला शिलेदारांची ही लेक, नाट्यगीतांतच वाढलेली. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या. मामा-मामी संमेलनाला गेले होते. मामी मध्यरात्रीपर्यंत बसली आणि मामा खुर्चीत झोपले. मामा म्हणाले, "तिला नाटकातली गाणी आवडायची, मला न्हाई. पन्नास वर्षं एका घरात काढली, तरी तिची आवड तिची, माझी माझी." नवराबायकोचे असे असते, तर आजोबा आणि नातवाची आवड एकच असावी असा हट्ट का?

संकुलाच्या मैदानात मुले खेळत होती. मामा चांगले कबड्डी खेळत. कारखान्याच्या संघातून कामगार कल्याणच्या स्पर्धांना जात. तीस वर्षांचे झाल्यावर गुडघा दुखावला आणि कबड्डी सुटली. मी म्हणालो, वाईट वाटले असेल. मामा म्हणाले, "मग कॅरम धरला. पायाचा खेळ हाताला दिला."

वयाप्रमाणे खेळ असा बदलत जातो. पळापळीच्या आणि झटक्याच्या खेळाला तरणे अंग लागते. डोळ्याने पाहिले आणि हात हलला, यातला वेळ वयाबरोबर वाढत जातो. कॅरममध्ये कुणी घाई करीत नाही. तिथे कोन ओळखावा लागतो, धीर लागतो, आणि समोरच्याचा पुढचा डाव ताडावा लागतो. ते वयाने कमी होत नाही, मुरते.

बोरिक पावडर

चौथ्या दिवशी माळ्यावरून कॅरम निघाला. जुन्या चाळीतला, जड, शिसवी चौकटीचा. चाळ पाडली तेव्हापासून वर पडून होता. कारण चाळीत गॅलरी होती, येता-जाता चौघे जमत. चौदाव्या मजल्यावर कोण येणार?

नातू म्हणाला, "मी रोज खेळतो की कॅरम. मोबाइलवर." मामा म्हणाले, "मग बस." पोराने फडके मारले, बोरिक पावडर टाकली. पहिल्या डावात त्याचा स्ट्रायकर तीनदा भोकात गेला. मोबाइलवर रेघ दाखवते, सोंगटी कुठे जाईल ते. इथे रेघ नाही. मामांचा हात कापत होता. पण बोट स्ट्रायकरला लागले की कापरे थांबायचे. त्यांनी राणी घेतली, लगेच कव्हर दिले आणि नातवाकडे न पाहताच म्हणाले, "पावडर कमी टाक. पीठ मळायचं न्हाई."

तीन डाव मामांनी घेतले. चौथा नातवाने. मग त्याने आजोबांना मोबाइलवरचा खेळ शिकवला. त्यात मामा सपाटून हरले आणि मोठ्याने हसले. हसण्याचा आवाज ऐकून समोरच्या दाराचे एक निवृत्त गृहस्थ डोकावले. म्हणाले, "कॅरम आहे होय! मला वाटलं, काही पडलं." ते चप्पल काढून आतच आले. दोन वर्षे समोरासमोर राहत होते, पण एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते.

हे सगळे जादूसारखे झाले असे मी म्हणणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी मामा पुन्हा गप्प होते. कानाचे यंत्र आणले होते ते 'कुईं' करते म्हणून काढून ठेवले. डॉक्टर म्हणाले, सवयीला काही आठवडे लागतील, रोज थोडा थोडा वेळ लावा. मामीची जागा रिकामी आहे ती रिकामीच राहणार. पण निघायच्या आधी मामेभावाने विचारले, "मग कसं करायचं दादा? नेताय ना आबांना?" तेव्हा मी मामांकडेच पाहिले.

मामा म्हणाले, "गावात माझी एकोणीस वर्षं गेली, हितं त्रेसष्ट. गावात मला वळखनारी समदी वर गेली. हितं निदान फाटकाची जागा तरी ठावं हाय. मी मे महिन्यात यीन, आठ दिवस, पाव्हना म्हून. आक्काला सांग."

मी जन्मगाव म्हणजेच माणसाचे गाव असे धरून आलो होतो. मामांचे गाव मुलुंडच होते. मी परतीचे एकच तिकीट काढले. वहिनींनी भजनाची पेटी बंद केली नाही, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कारण भजने त्यांना स्वतःला आवडतात.

सागरगोटे

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. मग मनात आले, मामांना विचारले, पण आईला आपण कधी विचारले? म्हणालो, "आई, तुला काय ऐकावंसं वाटतं?" वाटले, ओव्या म्हणेल, नाहीतर अभंग.

आई इकडेतिकडे बघून म्हणाली, "जत्रंला तमाशाचा फड यायचा. बायामानसांनी जायचं न्हवतं. म्या परड्यात गोवऱ्यांच्या कलवडापशी उभी ऱ्हाऊन ढोलकी ऐकायची. लई ग्वाड वाजवायचा त्यो."

शहाऐंशी वर्षांत हे तिने प्रथमच सांगितले. खेळाचे विचारले तर म्हणाली, "सागरगोटं हायेत का कुठं?"

ओढ्याच्या काठी सागरगोट्याची झुडपे अजून आहेत. काटे लागले, पण पाच चांगले टणक गोटे मिळाले. आई पडवीत पाय पसरून बसली. पहिला उडवला, तो झेलता आला नाही. दुसराही पडला. चौथ्या वेळी एक वर आणि एक खालचा असे दोन्ही तिच्या मुठीत आले. माझी मुलगी कॉलेजचा अभ्यास सोडून समोर बसली आणि म्हणाली, "आजी, मला दाखव."

वाचकहो, तुमच्याही पडवीत कुणी असेल. त्यांना भजनच हवे असेल तर जरूर लावा. पण आधी एकदा विचारा: तुम्ही वीस-बावीस वर्षांचे होता तेव्हा काय ऐकत होता, काय खेळत होता? आणि घरातल्या पोरांच्या गाण्याला नावे ठेवण्यापूर्वी आपली स्वतःची कॅसेट आठवा.